बल्बला कसं कळणार? सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटचं प्रकरण

मावशीच्या तक्रारी तीन होत्या आणि वरवर पाहता त्या एकमेकींशी भांडत होत्या. दिवे मध्यरात्री आपोआप लागतात. पाहिजे तेव्हा बटण दाबून लागत नाहीत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमधला दिवा मनात आलं तर लागतो, नाहीतर नाही. "त्यापेक्षा माझा झिरोचा बल्ब बरा होता," असं म्हणून तिने विषय संपवला होता.

घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर. इमारत २००४ सालची, टू-बीएचके. राहणारी माणसं दोनच, दोघंही सत्तरीपुढची. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यामुळे घरातल्या वायरिंगवर त्यांचं बारीक लक्ष, आणि मोबाइलवरून दिवा लावण्याच्या कल्पनेवर तितकाच बारीक अविश्वास. मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, जर्मनीत श्टुटगार्टला असतो. डिसेंबरात सुट्टीला आला तेव्हा त्याने घर 'स्मार्ट' केलं आणि परत गेला. त्यानंतर सहा-सात महिने या दोघांनी जे सोसलं त्याचं हे प्रकरण.

सामान असं होतं. एका रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं नियमांनुसार चालवणारं सॉफ्टवेअर. त्याला यूएसबीतून झिगबीचा डोंगल, म्हणजे लहरी पाठवणारं-घेणारं छोटं यंत्र. झिगबी ही वाय-फायसारखीच, उपकरणांनी आपसात बोलायची एक बिनतारी पद्धत. जर्मनीहून आणलेले पाच झिगबी बल्ब आणि सेलवर चालणारे दोन हालचाल ओळखणारे सेन्सर. इथे ऑनलाइन मागवलेले सहा वाय-फाय बल्ब. एकूण बल्ब अकरा, ॲप दोन, आणि भिंतीवरचे बोर्ड होते तसेच. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महागात पडला. पण त्याआधी मध्यरात्रीच्या दिव्यांचं बघू, कारण त्याचा उलगडा काकांच्या डायरीने केला.

रात्री एक वाजता दिवेलागण

काकांना नोंदी ठेवायची जुनी सवय. हॉलमधला कोपऱ्यातला दिवा आपोआप कधी लागतो ते त्यांनी अधूनमधून लिहून ठेवलं होतं. डिसेंबरअखेर रात्री नऊ. मार्चअखेर सव्वाअकरा. एप्रिल संपताना बारा. जूनमध्ये एक. शिवाय उन्हाळ्यातली एक नोंद अशी, की दिवे अडीचच्या सुमाराला आपोआप बंद होतात.

बिघडलेला बल्ब इतक्या शिस्तीत बिघडत नाही. ऋतूनुसार वेळ सरकते म्हणजे हे सूर्याचं काम. होम असिस्टंटला घराचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. त्यावरून तो रोजचा सूर्यास्त काढतो आणि 'सूर्यास्ताला दिवे लाव' हा नियम त्यावर चालतो. पण पुण्याचा सूर्यास्त वर्षभरात इतका फिरतच नाही. नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात, एवढाच त्याचा झोका. चार तासांचा झोका उत्तरेकडच्या देशाचा. श्टुटगार्टला जूनअखेर सूर्य मावळतो तिथल्या साडेनऊला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो. डिसेंबरात तिथल्या साडेचारला मावळतो, म्हणजे आपले नऊ.

मावसभावाने सगळी मांडणी आपल्या घरी करून, तपासून, मगच इथे आणली होती. यात वावगं काहीच नाही. उलट परदेशातून येऊन आठ दिवसांत काम उरकायचं तर तोच शहाणपणा. फक्त सेटिंगमध्ये नकाशावरची खूण श्टुटगार्टलाच राहिली, आणि घड्याळही तिथलंच. 'रात्री अकराला सगळं बंद' हा नियम उन्हाळ्यात आपल्या अडीचला का चालायचा, तेही यातच आलं. हिवाळ्यात नऊला दिवा लागला तेव्हा कुणालाच शंका आली नाही. जरा उशिरा लागतो, इतकंच वाटलं.

खूण पुण्यावर आणली, कालक्षेत्र भारताचं केलं. नियमही थोडा बदलला. सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी दिवे लावायला सांगितलं, कारण समोर उंच इमारत असल्याने या हॉलमध्ये अंधार लवकर होतो आणि मावशी देवाजवळ निरांजन लावते ती वेळ साधारण तीच.

एक तक्रार संपली असं मला वाटलं. काका म्हणाले, "थांब. मधूनमधून पहाटे तीनलासुद्धा लागतात. आणि तेव्हा हॉलचेच नाही, घरभर." ही नोंद डायरीत वेगळ्या शाईने होती, आणि तिच्या वेळांना कसलीही शिस्त नव्हती.

बल्ब नेटवर्कवर परत आणणं

तिकडे वळण्याआधी जे बल्ब मुळात जोडलेलेच राहिले नव्हते ते जोडणं भाग होतं. वाय-फायचे सहाच्या सहा बंद होते. म्हणजे भिंतीवरच्या बटणाने लागायचे, फोनवरून नाही. कारण साधं होतं. एप्रिलमध्ये फायबरवाल्याचा माणूस येऊन राउटर बदलून गेला होता. नवा राउटर, नवं नाव, नवा पासवर्ड. या बल्बांना नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड या दोनच गोष्टी ठाऊक असतात. ते जुनं नाव शोधत बसले.

अशा वेळी लोक एकेक बल्ब शिडीवर चढून पुन्हा जोडतात. त्याची गरज नसते. नव्या राउटरला जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिला की बल्ब आपण होऊन परत येतात. इथे मात्र एक खाच होती. नव्या राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली बांधले होते आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ची नवी पद्धत चालू होती. स्वस्त वाय-फाय बल्ब फक्त २.४ वर बोलतात आणि नव्या पद्धतीशी त्यांचं बऱ्याचदा जमत नाही. म्हणून पट्टे वेगळे केले, २.४ ला जुनं नाव दिलं, सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए२ पद्धतीवर आणली. थोड्याच वेळात पाच बल्ब आले.

पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क करून बल्ब त्यात टाकावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. सुरक्षेच्या दृष्टीने तो चांगला आहे. पण बहुतेक घरगुती राउटर पाहुण्यांच्या नेटवर्कला घरातल्या बाकीच्या यंत्रांशी बोलू देत नाहीत. मग रास्पबेरी पायची आज्ञा बल्बपर्यंत थेट पोचत नाही, कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून जाते. आणि हा वळसाच आम्हाला टाळायचा होता. घरातल्या सोफ्यावरून घरातलाच दिवा लावायला परदेशातला सर्व्हर मध्ये कशाला? तो बंद पडला, इंटरनेट गेलं किंवा कंपनीने ती सेवा गुंडाळली, की दिवा हातचा गेला. फिलिप्सने ह्यू या आपल्या स्मार्ट दिव्यांना जोडणाऱ्या पहिल्या पिढीच्या ब्रिजची इंटरनेटवरची सेवा २०२० च्या एप्रिलमध्ये थांबवली. तरी तो ब्रिज घरातल्या घरात चालत राहिला, कारण त्याची रचनाच मुळात तशी होती. सगळ्याच कंपन्यांच्या बल्बांना ही सोय नसते.

आमच्या बल्बांना घरातून थेट आज्ञा देता येत होती, पण त्यासाठी प्रत्येक बल्बची स्वतःची गुप्त किल्ली लागते. बल्ब ॲपमध्ये नव्याने जोडला की ही किल्ली बदलते आणि होम असिस्टंटमध्ये ती पुन्हा भरावी लागते. सहावा बल्ब नेमका यात अडकला होता. तो स्वयंपाकघरातला. मावशी म्हणाली, "तो मे महिन्यातच गेला. वादळ झालं त्या संध्याकाळी फडफडायला लागला, मग मी काढूनच ठेवला." काढलेला बल्ब होल्डरला लावून पाहिला तर ठणठणीत. फडफड म्हणजे तो जोडणीच्या अवस्थेत गेला होता. या जातीचे बल्ब लागोपाठ तीन वेळा चालू-बंद केले की स्वतःची सगळी माहिती पुसतात आणि भराभर मिचकावत नव्या मालकाची वाट पाहतात. मुद्दाम करायची ही क्रिया वळवाच्या पावसात लाइट ये-जा करते तेव्हा आपोआपच घडू शकते. बल्ब बनवणाऱ्यांनी ज्या देशांचा विचार केला असेल तिथे लाइट अशी ये-जा करत नसावी, असं म्हणून काका गालातल्या गालात हसले.

झिगबीच्या पाचांपैकी तीन नेटवर्कवर होते. उरलेले दोन मावसभावाच्या तिथल्या दुसऱ्या एका हबला, म्हणजे बल्ब चालवणाऱ्या यंत्राला, बांधलेले. झिगबीचा बल्ब एका वेळी एकाच नेटवर्कचा असतो, आणि जुन्याने सोडल्याशिवाय नव्यात येत नाही. काही कंपन्यांचे बल्ब सहा वेळा चालू-बंद केले की मोकळे होतात. हे त्यातले नव्हते. आणि हब सात हजार किलोमीटरवर. अशा बल्बांसाठी टचलिंक नावाची सोय आहे. पाठवणारं यंत्र बल्बच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरून त्याला 'सगळं विसर' असा आदेश देता येतो. काकांनी वायरला लावलेला एक सुटा होल्डर काढला, तो डोंगलशेजारी ठेवला, आणि दोन्ही बल्ब सुटले.

जवळ असणं हीच इथली सुरक्षा, आणि ती पुरेशी नाही हे सिद्ध झालेलं आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या आणि कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली टचलिंकमधली अंतर तपासण्याची त्रुटी वापरून ड्रोनवरून एका इमारतीतले दिवे लांबूनच ताब्यात घेऊन दाखवले होते. ती त्रुटी कंपनीने पुढे दुरुस्त केली. मी हे सांगितलं तेव्हा मावशीने खिडकीबाहेर बघितलं.

आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. जर्मनीचे बल्ब आट्याचे, म्हणजे ई२७. आपल्या घरातले होल्डर पिनेचे, बी२२. व्होल्टेज दोन्हीकडे २३०, त्यामुळे बल्ब चालतात, पण मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो. पॅसेजमधला कन्व्हर्टर सैल होता. दार आपटलं की बल्बची वीज क्षणभर तुटायची. काकांनी पाचही ठिकाणी आट्याचे होल्डर बसवून घेतले, आणि फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्याला आहे ना हे टेस्टरने स्वतः तपासलं. उलटं झालं तर बल्ब फिरवताना बोट आट्याला लागून शॉक बसू शकतो. पिनेच्या होल्डरवर वाढलेल्या वायरमनच्या हे लक्षात असेलच असं नाही.

बटण

आता खरा गुंता. स्मार्ट बल्बला आज्ञा ऐकायची तर त्याला सतत वीज लागते. बंद असतानाही तो जागा असतो. अर्धा वॉट धरला तर अकरा बल्ब वर्षाला ४८ युनिट नुसते जागं राहण्यात घालवतात. फार नाही, पण काकांनी हिशेब मागितलाच. आणि आपल्या घरात दिवा बंद करायचा म्हणजे बोर्डवरचं बटण बंद करायचं. सत्तर वर्षांची सवय. बटण बंद केलं की बल्ब नुसता विझत नाही, तो नेटवर्कवरून नाहीसा होतो. मावसभाऊ जाताना सगळ्या बोर्डांवर 'बटण बंद करू नये' अशा चिठ्ठ्या चिकटवून गेला होता. त्या महिनाभरही टिकल्या नाहीत, आणि टिकायला हव्या होत्या असं मला वाटत नाही. ज्या घरात दिवा लावायला चिठ्ठी वाचावी लागते तिथे चूक माणसांची नसते.

पॅसेजच्या दिव्याचं कोडंही यातूनच सुटलं. झिगबीमध्ये विजेवर चालणारी जवळपास प्रत्येक वस्तू दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवते. सेलवरचे सेन्सर थेट डोंगलशी बोलतीलच असं नाही, जवळच्या अशा एखाद्या वस्तूचा हात धरतात. पॅसेजमधल्या सेन्सरने बेडरूममधल्या बल्बचा हात धरला होता. मावशी झोपताना बेडरूमचं बटण बंद करायची. बल्ब गेला, त्याच्याबरोबर सेन्सरचा निरोपही गेला. काही सेन्सर लवकर दुसरा हात शोधतात, काही तासन्‌तास शोधत नाहीत. म्हणजे पॅसेजचा बल्ब उत्तम, सेन्सर उत्तम, आणि दोष तिसऱ्याच खोलीतल्या बटणाचा. ज्या रात्री मावशी वाचता वाचता झोपायची आणि काका दिवा फोनवरून बंद करायचे, त्या रात्री पॅसेजचा दिवा बरोबर लागायचा.

यावर उपाय सोपा. ज्यांचं बटण कुणी बंद करत नाही असे दोन झिगबी प्लग आणले. एक फ्रिजजवळच्या सॉकेटमध्ये, एक पॅसेजच्या टोकाला. सेन्सर त्यांच्यामार्फत नव्याने जोडले.

मग पहाटे तीनची नोंद. डायरीतल्या त्या तारखा काकांनी स्वतःच जुळवल्या. त्या रात्री लाइट गेली होती. लाइट परत आल्यावर घरातले बहुतेक बल्ब लागले होते, कारण वीज मिळाली की पेटायचं हा त्यांचा मूळ स्वभाव. "मग तो स्वभाव बदल ना," मावशी म्हणाली.

तो बदलता येतो. वीज आल्यावर काय करायचं हे झिगबीच्या बहुतेक नव्या बल्बांना सांगता येतं. पेटायचं, बंद राहायचं, किंवा आधी जसा होतास तसा हो. मी 'आधी जसा होतास तसा' निवडलं असतं, बहुतेक जण तेच निवडतात. काकांनी विचारलं, "समजा अकराला तुझ्या नियमाने बल्ब विझला. मग ही रात्री उठली, अंधारात बोर्डापाशी गेली, बटण बंद करून परत चालू केलं. बल्ब काय करणार?"

काहीच नाही. आधी बंद होता, म्हणून बंदच राहणार. बटण दाबूनही अंधार. दुसऱ्या तक्रारीचं, पाहिजे तेव्हा न लागणाऱ्या दिव्यांचं मूळ हेच होतं. बेडरूमचा बल्ब मावसभावाने नेमका तसा ठेवला होता.

"म्हणजे प्रश्न असा आहे," काका म्हणाले, "की बल्बला कसं कळणार, बटण दाबलं की लाइट आली ते? त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. फेज आली."

या विषयावर मी बरंच वाचलेलं आहे, पण इतका नेमका प्रश्न कुणी मांडलेला मला आठवत नाही. बल्बला ते कळणारच नाही. त्याच्याकडे दोनच तारा येतात आणि त्यात ही बातमी नसते. तिन्ही पर्यायांपैकी कुठलाही घ्या, कुठल्या ना कुठल्या रात्री तो चुकणार. मावसभावाने फोनवर सुचवलं की आता मॅटरवाले बल्ब घेऊ. मॅटर हे २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं समान मानक. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकाच भाषेत बोलतात, आणि ते चांगलंच आहे. पण मॅटरच्या बल्बलाही ताराच दोन.

घराला मात्र कळू शकतं. रास्पबेरी पाय, राउटर आणि फायबरची डबी हे तिन्ही इन्व्हर्टरवर घेतलं, म्हणजे लाइट गेली तरी मेंदू चालू. नवे दोन प्लग मुद्दाम इन्व्हर्टरबाहेर ठेवले. झिगबीची विजेवरची वस्तू वीज मिळताच 'मी आले' अशी हाळी नेटवर्कवर देते. आता नियम असा. एकट्या बल्बची हाळी आली, प्लग गप्प, तर कुणीतरी बटण दाबलं आहे. बल्ब पेटता ठेवायचा. बल्ब आणि प्लग यांची हाळी एकाच मिनिटात आली, तर लाइट आली आहे. प्रत्येक बल्बला शेवटचं काय सांगितलं होतं याची टिपणी होम असिस्टंट वेगळी ठेवतो. त्याप्रमाणे जे बंद असायला हवेत ते बंद करायचे.

यासाठी सगळ्या झिगबी बल्बांना 'वीज आली की पेट' असंच सांगितलं, म्हणजे मेंदू बंद पडला तरी बटण दाबून दिवा लागेलच. राहिला प्रश्न लाइट आल्यावर दहा-वीस सेकंद डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाचा. या बल्बांना पेटताना किती उजेडाने पेटायचं हेही सांगता येतं. बेडरूमचा बल्ब आता अगदी मंद पेटतो. बटण दाबलेलं असेल तर मेंदू तो लगेच वाढवतो, लाइट आलेली असेल तर विझवतो. काकांनी मेन स्विच पाडून आणि चढवून याची परीक्षा घेतली. मग शेजाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे लाइट नाही का?

काय ठेवलं, काय काढलं

इतकं केल्यावरही माझं मत असं, की अशा घरात छताच्या मुख्य दिव्याला स्मार्ट बल्ब लावू नये. तिथे बोर्डमागे रिले, म्हणजे नेटवर्कवरूनही चालणारं छोटं विजेचं बटण, बसवावा आणि दिवा साधा एलईडी ठेवावा. रिलेला वीज एका तारेने मिळते आणि बटणाची खबर दुसऱ्या तारेने. काकांचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. लाइट आली की रिले आधीच्या स्थितीत जातो, बटण दाबलं की स्थिती बदलतो. मेंदू बंद असला तरी बटण चालतं. बटण कुठल्याही बाजूला पडलेलं असो, फोनवरूनही दिवा लागतो.

रिलेला न्यूट्रल लागतो. परदेशी लेखांत यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, कारण तिकडच्या जुन्या घरांत बटणाच्या डबीत न्यूट्रल नसतो. आपल्याकडे बोर्डवर बटणांच्या शेजारी बहुधा एखादं सॉकेट असतंच, आणि सॉकेट आहे म्हणजे न्यूट्रल आहे. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन्ही बेडरूमचे मुख्य बोर्ड असे निघाले. पॅसेजचा बोर्ड मात्र नुसत्या दोन बटणांचा. तिथे न्यूट्रल आणायचा तर भिंत फोडावी लागली असती.

वायरमनने चार बोर्ड उघडले. कन्सील्ड वायरिंगच्या लोखंडी डब्या, आत आधीच तारांचा गुंता. रिले छोटा असला तरी मावेना. हॉलच्या बोर्डमध्ये जुना फिरता डिमर होता, झुंबरासाठी लावलेला. तो काढला तेव्हा जागा झाली, आणि तो तसाही जायलाच हवा होता. डिमरच्या मागे स्मार्ट बल्ब लावला तर त्याच्या आतल्या सर्किटला तोडकीमोडकी वीज मिळते, तो गुणगुणतो, लुकलुकतो आणि लवकर जातो. तिथला वाय-फाय बल्ब लुकलुकायचा तो यामुळेच. लोखंडी डबीत रेडिओ लहरी अडतील अशी भीती होती, पण बोर्डची पुढची पट्टी प्लास्टिकची असल्याने अडचण आली नाही. पंख्यांच्या वाटेला गेलो नाही.

पॅसेजमध्ये बल्ब राहिला, कारण तिथे त्याचं खरं काम आहे. रात्री हालचाल झाली की पाच टक्के उजेड, पिवळसर २२०० केल्विनचा, तीन मिनिटांसाठी. दिवसा हाच बल्ब पांढरा आणि पूर्ण. साध्या बल्बला हे जमणार नाही. वायरमनचं म्हणणं होतं की बटणाच्या तारा मागे जोडून टाकू, म्हणजे कुणी बंद करायची भानगडच नको. काकांनी साफ नकार दिला. होल्डरमध्ये कायम फेज, आणि बल्ब बदलताना तोडायला बटण नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. बटण जागेवर राहिलं, त्यावर पारदर्शक झाकण बसवलं आणि शेजारी सेलवर चालणारं बिनतारी बटण चिकटवलं. हे बटण झिगबीमध्ये त्या बल्बशी थेट बांधलेलं आहे. रास्पबेरी पाय बंद असला तरी ते चालतं. मावशीला फरक इतकाच जाणवतो की नवं बटण जरा हलकं लागतं.

झिरोचा बल्ब जाताना काकांनी एक माहिती पुरवली. जुना झिरोचा बल्ब शून्य वॉटचा नसायचा, साधारण पंधरा वॉट खायचा. जुन्या मीटरवर इतकी कमी वीज नोंदली जायची नाही, म्हणून ते नाव.

लहरींची भांडणं

झिगबी आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच गल्लीत राहतात. झिगबीला तिथे ११ ते २६ असे सोळा चॅनल आहेत. डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर इथे मुळातल्या ११ व्या चॅनलवर होतं. नवा राउटर स्वतःच चॅनल निवडत होता आणि बऱ्याचदा वाय-फायचा १ निवडायचा. तो झिगबीच्या ११ ते १४ वर बरोबर पाय देतो. अशा वेळी झिगबीचा चॅनल बदलला तर काही सेन्सर मागे राहतात आणि पुन्हा जोडावे लागतात. म्हणून तो तसाच ठेवला आणि राउटरचं 'आपोआप' बंद करून त्याला कायमचा ११ दिला, जो झिगबीच्या वरच्या चॅनलांवर पडतो. नावं सारखी असली तरी वाय-फायचा ११ आणि झिगबीचा ११ एकमेकांपासून लांब आहेत, हे वायरमनला समजावताना माझी दमछाक झाली.

डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या पोर्टमध्ये होता. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३, आणि ते चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर लिहिलं आहे. डोंगल काळ्या पोर्टमध्ये घातला, मध्ये हातभर लांबीची यूएसबी केबल लावली आणि तो टीव्हीच्या मागून कपाटावर आणला. या एका केबलने जितका फरक पडतो तितका महागडा डोंगल घेऊनही पडत नाही.

आजची स्थिती

अकरापैकी पाच झिगबी बल्ब राहिले. पॅसेज, दोन्ही बेडरूमचे पलंगाशेजारचे दिवे, देवघर आणि हॉलचा कोपऱ्यातला दिवा. चार खोल्यांचे मुख्य दिवे रिलेवर. वाय-फायचे चार बल्ब निघाले. त्यातला स्वयंपाकघरातला, फडफडणारा, शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने टेबललॅम्पला लावला आहे. उरलेले दोन बाल्कनीत आहेत, त्यांच्या किल्ल्या होम असिस्टंटमध्ये भरल्या आहेत, आणि पावसाळ्यात पुन्हा विसरले तर तेही काढायचे असं ठरलं आहे.

मावसभावाला श्टुटगार्टहून सगळं दिसतं. फायबरवाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देत नसल्याने बाहेरून थेट आत यायला राउटरमध्ये दार उघडायचा प्रश्नच नव्हता, आणि देत असता तरी मी उघडलं नसतं. व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, कुलूपबंद वाटेने, तो आत येतो. दिवे लावायची परवानगी मात्र त्याच्या खात्याला नाही, फक्त बघायची. ही अट मावशीची. एका संध्याकाळी तिकडून त्याने गंमत म्हणून हॉल निळा केला होता, तेव्हा घरात भिशीच्या बायका बसल्या होत्या.

एमसीबीच्या दारावर आतून काकांनी एक कागद चिकटवला आहे. कुठल्या बोर्डमागे रिले आहे, कुठल्या होल्डरला झाकणाखालचं बटण, इन्व्हर्टरवर काय काय आहे, आणि रिले काढून पुन्हा साधं बटण करायचं झालं तर कुठल्या दोन तारा जोडायच्या. पुढच्या वायरमनला रास्पबेरी पाय म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी चालेल असा तो लिहिलेला आहे.